सामुदायिक ओतकामाचा दिवस: वाळूच्या लादीपासून थंड फरशीपर्यंतचा नेमका क्रम

औद्योगिक कलाकेंद्रात लोकांसाठी जे कार्यक्रम होतात, त्यांपैकी सर्वाधिक चुका ज्यात होतात तो म्हणजे सामुदायिक ओतकामाचा दिवस. पाहुणे वाळूच्या लादीत स्वतःच्या हाताने नक्षी किंवा अक्षरे कोरतात, केंद्रातील प्रशिक्षित ओतारी त्या लादीत वितळलेले ॲल्युमिनियम ओततात, आणि कोरणाऱ्याला आपली फरशी परत मिळते. ऐकायला हे सोपे वाटते. म्हणूनच बहुतेक ठिकाणी आधी जाहिरात होते, मग नोंदणी, मग घाईने लाद्या, आणि शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी भट्टीची आठवण येते. हा क्रम उलटा आहे. खाली दिलेला क्रम भट्टीपासून सुरू होतो.

हा लेख ज्या केंद्रांकडे गॅसवर चालणारी मुशीची (धातू वितळवण्याच्या भांड्याची) भट्टी आहे आणि ओतकामाचा प्रत्यक्ष सराव असलेली माणसे आहेत, त्यांच्यासाठी आहे. तसा सराव नसेल तर केवळ लेख वाचून भट्टी पेटवू नये; आधी अनुभवी ओताऱ्याच्या हाताखाली काही महिने काम करावे.

## टप्पा १: पाहुण्यांची संख्या भट्टीला विचारून ठरवा

प्रथम एका फरशीचे माप नक्की करा. १५ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि २ सेंटिमीटर जाड फरशी घेतली, तर तिचे आकारमान ४५० घन सेंटिमीटर होते. ॲल्युमिनियमची घनता २.७ धरल्यास एका फरशीला सुमारे १.२ किलो धातू लागतो. आता आपली मूस पाहा. मुशीत १० किलो ॲल्युमिनियम मावत असले, तरी ती तीन-चतुर्थांशापेक्षा अधिक भरून उचलू नये, कारण काठोकाठ भरलेली मूस चालताना हिंदकळते. म्हणजे एका घाण्यात (एका वेळच्या वितळवण्यात) साडेसात किलो, आणि मळी, म्हणजे वितळलेल्या धातूवर येणारा मळ, वजा जाता सहा फरश्या.

चाळीस जणांची नोंदणी घ्यायची असेल तर सात घाणे लागतील. थंड भट्टीचा पहिला घाणा एक तासाचा आणि पुढचे प्रत्येकी ३५ मिनिटांचे धरले, तर केवळ वितळवण्यालाच साडेचार तास जातात. त्यात मळी काढणे, ओतणे, माणसांना पाणी पिण्यास व विसावा घेण्यास लागणारा वेळ मिळवा. हे आकडे प्रत्येक भट्टीचे निराळे असतात, त्यामुळे कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी सलग दोन घाणे वितळवून आपल्या भट्टीचा वेळ घड्याळ लावून मोजावा. मग, उत्साहात नव्हे तर या मोजणीवरून, नोंदणीचा आकडा ठरवावा.

माझा आग्रह असा की एका दिवशी सहापेक्षा जास्त घाणे घेऊ नयेत. सातव्या घाण्याला भट्टी ठीक असते, पण मूस उचलणारे हात ठीक नसतात. चाळीस नावे आलीच असतील तर दोन दिवस भरवावेत.

तपासणी: एकूण धातूच्या हिशोबात १० ते १५ टक्के वाढ धरली आहे का? मळी, मुशीत राहणारा तळ आणि एखादी फुटलेली लादी यांत तो खर्ची पडतो. भंगार वापरू नये. ज्यांच्या मिश्रधातूची जात माहीत आहे अशा लगडीच (धातूचे ओतीव ठोकळे) घ्याव्यात. भंगारातील पोकळ किंवा बंद भागात अडकलेले पाणी अथवा तेल वितळलेल्या धातूत गेल्यास स्फोट होतो, आणि मॅग्नेशियमचा एखादा तुकडा नजरचुकीने आत गेला तर तो मुशीतच पेट घेऊ शकतो.

## टप्पा २: जागेवर आधी मुशीचा रस्ता आखा

जागा ठरवताना बहुतेक संयोजक खुर्च्यांपासून सुरुवात करतात. त्याऐवजी खडू घेऊन जमिनीवर मुशीचा रस्ता काढावा: भट्टी कुठे, मळी काढण्याची जागा कुठे, लाद्यांची रांग कुठे आणि उरलेला धातू रिकामा करण्याचा लगडीचा साचा कुठे. हा रस्ता सरळ, सपाट आणि शक्य तितका आखूड असावा. त्यात पायरी, केबल, गॅसची नळी किंवा दरवाजाचा उंबरठा येता कामा नये. ओतणाऱ्यांना कुठेही उलट पावली चालावे लागू नये आणि भरलेल्या गरम लाद्यांवरून पाय टाकावा लागू नये. म्हणून लाद्यांची रांग एका बाजूला आणि बाहेर पडण्याची वाट दुसऱ्या बाजूला ठेवावी.

मुशीच्या रस्त्याखाली आणि लाद्यांखाली उघडे काँक्रीट नको. काँक्रीट वरून कोरडे दिसले तरी त्याच्या पोटात ओलावा असतो, आणि त्यावर धातू सांडला की पृष्ठभागाचे कपचे उडतात. त्यावर कोरड्या वाळूचा किमान पाच सेंटिमीटर जाड थर अंथरावा. वाळू आदल्या दिवशी उन्हात किंवा छपराखाली पसरून सुकवलेली असावी.

त्यानंतरच प्रेक्षकांची दोरी. मुशीच्या रस्त्याच्या कोणत्याही बिंदूपासून दोरी सहा मीटरपेक्षा जवळ नसावी, असे मी मानतो. जागा लहान असेल तर दोरी जवळ आणू नये, प्रेक्षक कमी करावेत. वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला प्रेक्षक बसवू नयेत, कारण लादीतील वाळू घट्ट करणाऱ्या राळेचा धूर तिकडेच जातो. पुढे बसणारी मुले, मागे उभी मोठी माणसे अशी रचना ठेवल्यास कोणी दोरीवर रेलत नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर खड्ड्याजवळ, गटाराजवळ किंवा तळघराच्या तोंडाशी ठेवू नयेत. ते उभे, साखळीने बांधलेले आणि प्रेक्षकांपासून दूर असावेत.

सावधान: छप्पर नसलेल्या जागी पावसाची जराही शक्यता असेल तर दिवस पुढे ढकलावा. तो निर्णय किती वाजता आणि कोण घेणार, हे निमंत्रणातच लिहावे. म्हणजे ऐन वेळी गर्दीच्या आग्रहाला बळी पडावे लागत नाही.

अग्निशमन दलाची परवानगी, विमा आणि शेजाऱ्यांना लेखी सूचना ही कामेही याच टप्प्यात, कारण तिन्ही ठिकाणी जागेचा हा आराखडा मागितला जातो.

## टप्पा ३: प्रत्येक कामाला एकच माणूस

ओतकामाचा एक प्रमुख असावा, आणि मूस भट्टीबाहेर असताना आवाज फक्त त्याचाच असावा. त्याच्याखाली भट्टी सांभाळणारा एक, मूस उचलून ओतणारे दोन, मळी काढणारा एक, लाद्यांवर लक्ष ठेवून कोरडी वाळू व फावडे घेऊन उभा राहणारा एक, आणि दोरीच्या प्रत्येक उघड्या बाजूला एकेक स्वयंसेवक. प्रेक्षकांशी बोलणारा निवेदक या सगळ्यांहून वेगळा हवा. प्रमुखानेच निवेदन करावे, ही कल्पना वारंवार पुढे येते आणि ती वारंवार नाकारावी. "थांबा" म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांना आहे, अगदी दोरीवरच्या नव्या स्वयंसेवकालाही.

कार्यक्रमाच्या आठवड्यात दोनदा कोरडा सराव करावा. मुशीत धातूच्या वजनाइतकी वाळू भरून, पूर्ण पोशाख घालून, भट्टीपासून शेवटच्या लादीपर्यंत चालावे. पोशाखाशिवाय केलेल्या सरावाला अर्थ नाही. फेसशील्ड खाली ओढल्यावर स्वतःच्या पायांजवळचे किती कमी दिसते, हे तेव्हाच कळते.

पोशाखात सुती किंवा लोकरी कपडे, चामडी एप्रन, चामडी हातमोजे, चष्मा आणि त्यावर फेसशील्ड, आणि बुटांवरून बांधायचे चामडी पट्टे. पँट बुटात खोचू नये, बुटावरून खाली सोडावी. बुटात गेलेला धातूचा एक थेंब बूट काढेपर्यंत जाळत राहतो. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटते, म्हणून आतला बनियनही सुतीच हवा.

## टप्पा ४: लाद्या घडवणे

लादी म्हणजे राळ मिसळून घट्ट केलेली बारीक वाळू. बाहेरून २० सेंटिमीटरची चौकोनी, मध्ये १५ सेंटिमीटरचा चौकोनी खोलगट भाग, आणि त्या खोलगट भागाच्या तळाखाली किमान साडेतीन सेंटिमीटर वाळू शिल्लक. पाहुणा याच तळावर कोरतो. राळेचे प्रमाण वाळूच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास असते. नेमके प्रमाण राळ पुरवणाऱ्याच्या पत्रकाप्रमाणे घ्यावे आणि वजनकाट्यावर मोजावे. अंदाजाने टाकलेली जास्तीची राळ लादी कठीण करते, कोरणाऱ्याचा हात दुखवते आणि ओतताना जास्त धूर सोडते.

राळ मिसळण्याचे काम केंद्रातील लोकांनीच हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत करावे. पाहुण्यांच्या हाती लादी जाण्यापूर्वी ती किमान चोवीस तास मुरलेली असावी. नोंदणीपेक्षा सहा-सात लाद्या अधिक कराव्यात, कारण काही हाताळताना कोपऱ्यात तुटतातच.

तपासणी: एका जादा लादीवर खिळ्याने रेघ ओढून पाहा. वाळू स्वच्छ सुटली आणि रेघेची कड उभी राहिली तर लादी तयार आहे. कड ढासळली तर राळ कमी आहे किंवा मिश्रण नीट झालेले नाही; ती पूर्ण खेप बाजूला ठेवावी.

## टप्पा ५: कोरण्याचा दिवस

कोरणे आणि ओतणे एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. सकाळी कोरा, दुपारी ओता अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण त्यात लादी तपासायला आणि सुकवायला वेळच उरत नाही. दोन्हींमध्ये किमान तीन दिवसांचे अंतर ठेवावे. कोरण्याच्या दिवशी आग नसते, गडबड नसते. लोक एकमेकांच्या लाद्या पाहतात, बोलतात, वृद्ध आणि लहान मुलेही निवांत बसून काम करतात. केंद्राचे खरे सामुदायिक जीवन त्या टेबलांभोवतीच घडते, म्हणून त्याला स्वतंत्र दिवस द्यावा. चाकाची खुर्ची खाली जाईल अशी दोन-तीन टेबले अवश्य ठेवावीत.

कोरण्याआधी पाहुण्यांना तीन गोष्टी प्रत्यक्ष लादीवर करून दाखवाव्यात.

पहिली, उलटेपणा. जे खोल कोरले जाते ते धातूत उंच येते, आणि सगळे आरशातल्यासारखे उलटते. अक्षरे असतील तर ती आधी कागदावर लिहून, कागद पालथा करून, खिडकीच्या काचेवर किंवा दिव्यासमोर धरून मागच्या बाजूने गिरवून घ्यावीत, आणि तोच कागद समोर ठेवून कोरावे. एका कार्यक्रमात आठेक वर्षांच्या मुलीने दीड तास खपून आपल्या आजीचे नाव सुंदर वळणात कोरले होते. टेबलावरच्या स्वयंसेवकाने ते पाहिले, कौतुक केले, पण ते सुलटे कोरले आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही. फरशी हातात आल्यावर तिने ती दोन-तीनदा फिरवून पाहिली आणि मग आईकडे पाहिले. तेव्हापासून मी प्रत्येक टेबलावर एक छोटा आरसा ठेवतो. लादी आरशात धरली की अंतिम फरशी कशी दिसेल ते लगेच कळते.

दुसरी, खोली आणि रुंदी. पाच ते दहा मिलिमीटर खोली पुरते. तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद रेघेत ॲल्युमिनियम शिरत नाही, ते पृष्ठताणामुळे वरून सरकून जाते, आणि केसासारखी नाजूक नक्षी कोरणाऱ्याच्या पदरी निराशा येते. दोन रेघांच्या मध्ये किमान सहा मिलिमीटर वाळू शिल्लक ठेवावी, नाहीतर मधली भिंत धातूच्या धारेने वाहून जाते.

तिसरी, धूळ. ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ आहे, आणि तिची अतिबारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. तोंडाने फुंकर मारू देऊ नये. लादी उलटी करून हलके ठोकावी, मऊ ब्रशने झाडावे, आणि सर्वांना धूळरोधक मास्क व चष्मे द्यावेत. टेबले दिवसाअखेर बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने साफ करावीत.

सावधान: धूळ बसवण्यासाठी इतर कोणत्याही कामात आपण पाणी वापरतो, येथे लादीला पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. टेबलावर ओले फडके, पाण्याची बाटली किंवा चहाचा कप नको. त्याचे कारण पुढच्या टप्प्यात आहे.

क्रमांकाची चूक येथेच होते. लादीच्या बाहेरच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक लादी फोडली की नष्ट होतो, आणि कागदी चिठ्ठी जळून जाते. म्हणून प्रत्येक पाहुण्याने तळाच्या एका कोपऱ्यात आपला क्रमांक उलटा कोरावा, तोच बाहेरच्या कडेवर सुलटा लिहावा, आणि नोंदवहीत क्रमांकासमोर नाव व कोरलेल्या लादीचे छायाचित्र ठेवावे.

## टप्पा ६: लाद्या सुकवणे

पाण्याची वाफ झाली की त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि आपण ते ७०० ते ७५० अंशांना ओततो. त्याच्याखाली अडकलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला एकच वाट असते, आणि ती वितळलेल्या धातूतून वर येते.

एका केंद्रात मी स्वतः मूस धरलेली असताना हे पाहिले आहे. अकरा लाद्या शांतपणे भरल्या होत्या. बारावीत धातू पडला, पृष्ठभाग क्षणभर स्थिर राहिला, आणि मग उतू जाणाऱ्या दुधासारखा मध्यभागी फुगून वर आला. एक थेंब माझ्या पायावरच्या चामडी पट्ट्यावर येऊन चिकटला, आणि पट्टा नसता तर तो बुटाच्या नाडीत गेला असता. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की कोरणाऱ्याने लादी स्वच्छ दिसावी म्हणून शेवटी ओल्या फडक्याने पुसली होती. वरून ती पूर्ण कोरडी होती. आम्ही ती हाताने चाचपून पाहिली होती, आणि तेवढे पुरेसे समजलो होतो.

म्हणून लाद्या ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना दोन तास ठेवाव्यात, आणि ओतण्याच्या दिवसापर्यंत उबदार, बंद खोलीत लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात. थेट जमिनीवर नव्हे. ओतण्याच्या दिवशी सकाळी त्या पुन्हा गरम कराव्यात.

तपासणी: गरम लादीवर थंड, कोरडी काच आडवी धरा. काचेवर धूसर दव जमले तर लादीत अजून ओलावा आहे. ही तपासणी दोन-चार लाद्यांवर नव्हे, प्रत्येक लादीवर करावी. एकही शंकास्पद लादी रांगेत जाऊ नये, मग तिचा मालक कितीही लांबून आलेला असो.

## टप्पा ७: ओतण्याच्या दिवसाची सकाळ

दार उघडण्याच्या तीन तास आधी सर्वांनी हजर असावे. कामे या क्रमाने करावीत.

१. गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार अजूनही कुठे कुठे दिसतो; तो कायमचा बंद करावा.

२. मूस प्रकाशात धरून आतून-बाहेरून तपासावी. हलके ठोकल्यावर खणखणीत नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर तडा आहे. तडा असलेली मूस वापरू नये.

३. वाळूच्या थरावर लाद्या मांडून प्रत्येकीवर पाणसळ ठेवावी. लादी कललेली असेल तर फरशी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ येते.

४. मळी काढण्याचा झारा, तापमापकाची नळी, लगडी आणि लगडीचा साचा हे सर्व भट्टीच्या झाकणाजवळ तापवून घ्यावे. वितळलेल्या धातूला जे जे स्पर्श करणार ते ते गरम आणि कोरडे असले पाहिजे. गंजलेली अवजारे बाजूला काढावीत.

५. आग विझवण्याची साधने जागेवर ठेवावीत आणि कशासाठी काय वापरायचे ते सर्वांकडून म्हणवून घ्यावे. कापड, कागद, लाकूड यांना नेहमीचे अग्निशामक. सांडलेल्या धातूला फक्त कोरडी वाळू. वितळलेल्या धातूवर पाणी कधीही टाकायचे नाही.

६. भाजल्यास लगेच वापरता येईल असा वाहता नळ प्रेक्षकांच्या बाजूला, ओतण्याच्या क्षेत्राबाहेर असावा. भाजलेला भाग वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो.

## टप्पा ८: ओतणे

धातूचे तापमान धातूत बुडवायच्या तापमापकानेच मोजावे. दुरून रोखून पाहायचे इन्फ्रारेड तापमापक चकचकीत ॲल्युमिनियमवर खरे सांगत नाही. ते प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, आणि ते पाहून माणसे धातू उगाच जास्त तापवतात. जास्त तापलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन शोषते आणि फरशी सच्छिद्र येते.

प्रमुखाने संगीत, ग्राइंडर आणि निवेदन बंद झाल्याची खात्री करावी. मग झाकण उघडावे, मूस उचलावी, मळी काढावी. मळी काढायला घाई करू नये आणि रेंगाळूही नये. तापमान प्रत्येक मिनिटाला उतरत असते.

मूस लादीच्या काठापासून तीन-चार सेंटिमीटर उंचीवर आणून, कोपऱ्यातून, एकसंध धारेने ओतावे. धार मध्येच तोडली तर आधी पडलेल्या धातूवर पापुद्रा धरतो आणि नंतरचा धातू त्याच्याशी एकजीव होत नाही. फरशीवर कायमची शिवण दिसते. नक्षीच्या नाजूक भागावर थेट धार सोडू नये. लादी भरली की धार थांबवून पुढे सरकावे, मागे वळून पाहण्याचे काम वाळू घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे आहे.

उरलेला धातू गरम केलेल्या लगडीच्या साच्यात रिकामा करावा. मुशीत धातू गोठू देणे ही महागात पडणारी चूक आहे, कारण पुन्हा तापताना तो गोळा फुगतो आणि मुशीला तडा देतो.

सावधान: वितळलेले ॲल्युमिनियम उजेडात लाल दिसत नाही. ते चांदीसारखे, शांत, पाण्यासारखे दिसते, आणि गोठल्यानंतर चारशे अंशांवर असतानाही थंड फरशीसारखेच दिसते. प्रेक्षकांना हे प्रत्येक घाण्याआधी सांगावे. भरलेल्या रांगेच्या दोन्ही टोकांना "गरम" अशा मोठ्या पाट्या लावाव्यात.

## टप्पा ९: दोन घाण्यांमधला वेळ

अर्ध्या तासात प्रेक्षक कंटाळतात आणि दोरीकडे सरकू लागतात. तेव्हा त्यांना दुसरीकडे नेणारे काहीतरी हवे: ऐरणीवर लोखंड घडवण्याचे प्रात्यक्षिक, सरावाच्या तुटक्या लाद्यांवर कोरण्याचे टेबल, आधीच्या वर्षीच्या फरश्यांचे प्रदर्शन, एखादे वाद्यवादन. ऐरणीजवळ बसणाऱ्या मुलांना कानाचे संरक्षण द्यावे. वेल्डिंग दाखवायचे असेल तर वेल्डिंगचे पडदे लावून आणि प्रेक्षकांना योग्य काचेतून पाहू देऊनच. उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या ज्योतीचा त्रास त्या क्षणी जाणवत नाही, तो काही तासांनी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा सुरू होतो. तशी व्यवस्था नसेल तर त्या दिवशी वेल्डिंग ठेवू नये.

घाणा तयार होण्यापूर्वी पाच मिनिटे घंटा वाजवावी. घंटेला सर्व प्रात्यक्षिके थांबतात, हे स्वयंसेवकांना आधीच माहीत असावे.

## टप्पा १०: थंड होऊ देणे आणि राखण

येथे पाहुण्यांची घाई सर्वांत जास्त असते आणि संयोजकांचा धीर सर्वांत कमी. फरश्या त्याच दिवशी हातात देण्याचे वचन निमंत्रणात देऊ नये. लाद्या रात्रभर जागच्या जागी राहू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी लाकडी हातोड्याने वाळू फोडून, तारेच्या ब्रशने फरशी साफ करावी. हे काम मास्क आणि चष्मा लावून केंद्रातील लोकांनी करावे. वितळलेल्या ॲल्युमिनियमची उष्णता सगळी राळ जाळू शकत नाही, त्यामुळे कोपऱ्यांत कठीण वाळू अडकते. ती टोचणीने काढावी, छिन्नीने नव्हे.

भट्टी बंद करून गॅसचा मुख्य कॉक बंद केल्यानंतरही जागेवर राखण ठेवावी लागते. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ५१बी या मानकात वेल्डिंगसारख्या गरम कामानंतरच्या राखणीची मुदत २०१९ च्या आवृत्तीत ३० मिनिटांवरून ६० मिनिटे करण्यात आली. ओतकामाच्या दिवशी तेवढी तर ठेवावीच. राखण करणाऱ्याने मंडप काढण्याच्या कामात हात घालू नये, कारण मग त्याची नजर वाळूच्या थरावर राहत नाही. लाद्या रात्रभर उघड्यावर असतील तर त्या भागाला कुलूप लावावे.

## टप्पा ११: फरश्या परत देणे आणि भिंतीवर लावणे

ओतलेल्या फरशीच्या कडा धारदार असतात. कानशीने त्या मोडून, बोट फिरवून खात्री करूनच ती द्यावी. चकाकी टिकवण्यासाठी मेणाचा पातळ हात पुरतो.

अनेक केंद्रे निम्म्या फरश्या घरी देतात आणि निम्म्यांची केंद्रात भिंत करतात. तसे करायचे असेल तर दोन गोष्टी कोरण्याच्या दिवशीच ठरलेल्या असाव्यात. कोणाची फरशी भिंतीवर राहणार, याची लेखी संमती नोंदवहीत घ्यावी. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची. आणि मापाचा विचार: गोठून थंड होताना ॲल्युमिनियम लांबीत सुमारे १.३ टक्के आक्रसते, म्हणजे १५० मिलिमीटरच्या खोलगट भागातून १४८ मिलिमीटरची फरशी निघते. भिंतीची चौकट साच्याच्या मापाने केली तर चाळीस फरश्यांच्या मध्ये वेड्यावाकड्या फटी पडतात. चौकट खऱ्या फरशा मोजून, प्रत्येकीभोवती तीन मिलिमीटरची जागा सोडून करावी, आणि स्क्रूची भोके नक्षीतून नव्हे, कडेच्या रिकाम्या पट्टीतून पाडावीत. त्यासाठी कोरताना चारही बाजूंना पंधरा मिलिमीटरची पट्टी कोरी ठेवायला सांगावी.

फुटलेल्या किंवा अर्धवट भरलेल्या फरशीचा मालक समोर आला, तर ती लपवू नये. ती त्याला दाखवावी, नेमके काय झाले ते सांगावे, आणि नोंदवहीतील छायाचित्रावरून पुढच्या कोरण्याच्या दिवशी त्याची लादी आधी राखून ठेवावी.